दोष डिस्कचाच

बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडत असे. टीव्ही आणा, मिक्सर आणा, तो आधी कानाशी धरून हलवणार आणि मग निदान सांगणार. ते निदान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डीव्हीडी प्लेअरची तपासणी तर त्याने अगदीच सोपी करून ठेवली होती. जुन्या गाण्यांची एक विकतची डिस्क दुकानात होती. ती वाजली की मशीन ठणठणीत. मग गिऱ्हाइकाची डिस्क लागत नसेल तर दोष डिस्कचाच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा सगळा न्याय.

निवृत्त कंडक्टर आपला प्लेअर घेऊन आला तेव्हाही हेच झालं. जुने सिनेमे त्यावर झकास चालत, पण लांब राहणाऱ्या मुलीने घरी कॉम्प्युटरवर व्हिडिओ भरून पाठवलेल्या नव्या डिस्क काही केल्या लागत नव्हत्या. त्या डिस्कमध्ये नातू होता. आजी-आजोबांनी त्याला अजून पाहिलंही नव्हतं आणि बायको रोज विचारून जीव खात होती. डॉक्टरने आपली डिस्क घातली, गाणं दुकानभर घुमलं. मशीन उत्तम आहे, मुलीला जरा नीट भरायला सांगा, असं सांगून तो मोकळा झाला. कंडक्टरने नोकरीत विनातिकीट कुणाला सोडलं नव्हतं, मग पोटच्या पोरीला कसा सोडेल? त्याने तिथूनच फोन लावून तिला झापलं. एक काम धड करता येत नाही, लहानपणापासून हेच. डॉक्टर समोर बसून मान डोलावत होता.

मुलीने पुन्हा डिस्क भरून पाठवली. ती लागली नाही. पुन्हा दुकान, पुन्हा गाणं, पुन्हा फोन. असं बऱ्याचदा झालं आणि मग डिस्क यायच्याच थांबल्या. कटकट गेली एकदाची, असं कंडक्टर म्हणाला खरा, पण त्याच्या आवाजात काही दम नव्हता.

पुढे एकदा डॉक्टरच्या स्वतःच्या घरीच पंचाईत झाली. मेव्हण्याने सहलीची डिस्क घरी भरून दिली होती, ती लागेना. एरवी डॉक्टरने डिस्कवर खापर फोडलं असतं. पण बायकोच्या भावाने केलेल्या वस्तूला नावं ठेवण्याची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने नाइलाजाने प्लेअर उघडला. लेन्स कमजोर झाली होती. घरी भरलेल्या डिस्कवरून उजेड कमी परततो, तो थकलेल्या लेन्सला वाचता येत नाही. विकतच्या चकचकीत डिस्क मात्र ती कशीबशी वाचते. लेन्स बदलली, सहल सुरू झाली. घरातले सगळे हसत बघत होते आणि डॉक्टरच्या डोळ्यांपुढे कंडक्टरचा प्लेअर येत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं ते मशीन म्हणत होतं आणि आपण त्याची वकिली करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नवी लेन्स घेऊन तो कंडक्टरच्या घरी गेला. सहज आलो, जरा साफसफाई करून देतो, असं तो दारातच म्हणाला. चूक गुपचूप निस्तरावी आणि इज्जत राखावी, एवढाच त्याचा बेत. कंडक्टरच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, कपाटातल्या कपड्यांखालून सगळ्या डिस्क काढल्या. लेन्स बसवून त्याने सर्वांत वरची, म्हणजे शेवटची आलेली डिस्क घातली.

मूल टेबलाला धरून चाललं, पडलं आणि खुदकन हसलं. वहिनी उठून अगदी पडद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मग मुलगी स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, हीसुद्धा लागली नाही तर मी यापुढे पाठवणार नाही. तुम्हाला हवं तसं नीट मला कधी जमलंच नाही."

पडदा निळा झाला. मग कंडक्टरने घसा साफ केला. "बघा डॉक्टर, शेवटी भरली की नाही नीट?"

सुटायला वाट मोकळी होती, नुसतं हो म्हणायचं. पण डॉक्टरला स्वतःची ती डोलणारी मान आठवली आणि शरमेने कान तापले.

"सगळ्याच नीट होत्या," तो म्हणाला. "मशीनची लेन्स गेली होती. मी उघडून बघितलंच नाही. चूक माझी, आणि बोलणी तिने खाल्ली."

वहिनींनी दुसरी डिस्क पुढे केली. लागली. तिसरीही लागली. त्यात बाळ पाळण्यात झोपलं होतं. कंडक्टर पडद्याकडे बघतच नव्हता. त्याने फोन उचलला, नंबर लावला आणि रिंग जायला लागल्यावर फोन डॉक्टरच्या हातात कोंबला.

"तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

फोन लगेच उचलला गेला. वडिलांचा नंबर पाहून मुलगीच आधी बोलली, दबकत.

"बाबा, आता काय चुकलं माझं?"