करीमचाचांचा कायदा

करीमचाचा गेल्याचं मला त्यांच्याच फोनवरून कळलं. मस्कतमधल्या हमरियातल्या दुकानातून त्यांचा नंबर आला, तसा मी नेहमीच्या टवाळीत म्हणालो, "बोला चाचा, आज अमेरिकेला कुठल्या कलमात पकडायचं?" पलीकडे शेजारचा दुकानदार रडत होता... असा मी वेळ साधणारा माणूस.

चाचा रत्नागिरीचे, गाड्यांच्या सुट्या भागांचे व्यापारी. मी त्याच जिल्ह्यातला, मस्कतच्याच अल् घुब्रात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा हिशेबनीस. त्यांचा मुलगा इक्बाल लाकडी लाँचवर खलाशी होता. येमेनच्या किनाऱ्याजवळ सौदीच्या विमानांनी लाँच उडवली, त्यात तो गेला. बॉम्ब अमेरिकेचा, विमानांत इंधन अमेरिकेचं. तिथलेच काही युद्धविरोधी लोक ही मदत कायद्यानं बंद करायला धडपडत होते. त्यांच्यातल्या रूथ नावाच्या निवृत्त नर्सबाईंनी ईमेलवर विचारलं, खासदारांपुढे वाचायला वडिलांचं निवेदन मिळेल का?

इंग्रजी येतं म्हणून काम माझ्याकडे आलं. माझी हयात साहेबांना अर्ज लिहिण्यात गेलेली. झोकात लिहिलं आणि चाचांना मराठीत वाचून दाखवलं, "महोदय, सविनय विनंती की, कृपया बॉम्बफेक थांबवून उपकृत करावे..."

चाचांनी चष्मा काढला. "सावंता, माझ्या पोरासाठी रजा मागतोस काय रे?"

मग त्यांनीच सांगितलं. "लिही. लाँचवर कांदे होते, बकऱ्या होत्या. बंदूक नव्हती. पोराचं नाव इक्बाल. ते मोठ्यानं वाचा म्हणावं."

"चाचा, नाव नको. तुमचा व्हिसा ज्याच्या हातात, तो अर्बाब घाबरला नि त्यानं व्हिसाच काढून घेतला तर?"

"पोरगा खलास झाला. व्हिसा घेऊन मी काय करू?"

नाव वाचलं गेलं. मदत बंद करायचा ठराव अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. मी हलव्याचे डबे घेऊन हमरियात पोचलो आणि अख्ख्या गल्लीचं तोंड गोड केलं. राष्ट्राध्यक्षांना ठराव फेटाळता येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी फेटाळला. गल्लीला मी पुढे बरेच दिवस टाळलं. चाचांना टाळता येईना.

"म्हणजे दोन सभागृहांनी लिहिलेलं एक माणूस पुसतो?"

"हो."

"मग रूथबाईला कळव, त्या एकाला बांधणारा कायदा शोधा. मी थांबतो."

थांबणं काही झालं नाही... छातीत कळ आली आणि दुकानातच गेले. त्यांना इथेच, मस्कतच्या मातीत ठेवलं. रूथबाई नवा मसुदा घेऊन पुन्हा खासदारांचे उंबरे झिजवतायत.

शुक्रवारच्या नमाजानंतर चाचा रत्नागिरीला घरी फोन लावायचे. आता त्याच वेळेला चाची मला लावते.

"काय रे, झाला कायदा?"

"अजून नाही, चाची."

"एवढा काय उशीर लावतोस?"

तिला वाटतं, कायदा माझ्याच टेबलावर अडलाय. मी तिची समजूत काढत नाही. इक्बाल गेल्यापासून जाब विचारायला तिला एक तरी माणूस सापडलाय.