लूमवाल्यांचे इंग्रजीचे सर

इंग्रजीचे सर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टाय आला ना? काढून ठेवा. आमचे सर गोडादरा या कामगार वस्तीतल्या त्यांच्या खोलीत बनियनवर शिकवायचे. कानामागे हात धरून आधी ओरडायचे, "मागे ऐकू येतंय का?"

ओरडावंच लागायचं. समोर सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारे कारीगर, दिवसभराच्या खटखटीनं कान बधिरलेले. सर स्वतः जुने लूमवाले, शिकले नंतर. लूम न चालवलेला मी एकटाच. नंदुरबारहून आलेलो, मार्केटात साड्या दाखवायचो आणि उरलेल्या वेळात सरांची नक्कल करायचो. सर आता नाहीत, तरी दोस्त अजून ती करायला लावतात.

'हिअर' आणि 'लिसन' हा त्यांचा लाडका धडा. "खटखट कानात आपोआप शिरते, ते हिअर. त्याच खटखटीत धागा तुटल्याचं ओळखता, ते लिसन. तिथं लक्ष लागतं. आता सांगा, बायकोचं काय करता?"

"हिअर, सर!"

"म्हणूनच भाकरी गार मिळते!"

मग सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. ते घरी येईपर्यंत चौघं दुसऱ्या क्लासला गेलेसुद्धा. सरांना मागेपुढे कोणी नव्हतं, होता तो हा वर्ग. तो मोडला असता तर सर खचले असते.

म्हणून सर घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी फळ्यापुढे उभा राहिलो. "मागे ऐकू येतंय का?" हुबेहूब! लोक हसून लोळले. तोच धडा मी सरांच्या आवाजात सुरू केला. पण हशा काही थांबेना. सर खुर्चीतून बघत होते. ते उठले, मला बाजूला सारलं आणि दोन्ही हात वर केले.

बोटं फिरली, मनगटाला झटका, तळवा छातीवर. वर्ग चिडीचूप. लूमच्या गोंगाटात ही माणसं हातांनीच बोलतात. सर हातांनी विचारत होते, मागून हातांनीच उत्तरं येत होती. अख्खा धडा झाला. मला एक अक्षर कळलं नाही.

शेवटी सर माझ्याकडे वळले. हात बराच वेळ चालले.

"काय म्हणतायत?" मी शेजारच्या धुळ्याच्या भाऊंना विचारलं.

"पहिलं सांगासारखं नही रे भो," भाऊ म्हणाले. "पुढं म्हनतात, वर्षभर माझ्याकडं बघून नकला केल्या. या लोकांकडं एकदा तरी बघितलं का? बस खाली, तोंड मीट अन् शिक."