चौथा कोपरा

माझे सिद्धोधन मामा गवंडी. मूळचे वालूरचे, पण उभी हयात परभणीत घरं बांधण्यात गेली. आता थापी ठेवलीय, तरी कुणी जुनं घर घ्यायचं म्हटलं की आधी मामांना स्कूटरवर बसवून नेतात. मामा भोवती एक चक्कर मारतात आणि मालकाला एवढंच विचारतात, पाया मुरमापर्यंत नेला का काळ्या मातीतच ठेवला? खालचा मुरूम घट्ट राहतो, पण आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीलाही सोबत ओढते. म्हणून हिवाळ्यात दाखवलेलं घर मामा पास करत नाहीत. मे महिना जाऊ द्या, म्हणतात. त्यांच्या या मे महिन्यापायी दलाल त्यांच्यावर दात खाऊन असतात.

यंदा मीही त्यांच्यातच होते. नर्मदाबाईंचं घर मला बघताक्षणी आवडलं होतं. चौदा वर्षं भाड्याच्या खोल्या, दर दोन-तीन वर्षांनी संसार टेम्पोत. मला आता माझ्या दारात जास्वंद लावायचं होतं, बस्स. नर्मदाबाईंनी हे घर वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतलेलं. आता त्यांना नांदेडला मुलीकडे जायचं होतं. फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक तिरपी चीर होती. धम्मपाल, म्हणजे आमचे मिस्टर, म्हणाले, मामांना दाखवू. मी म्हटलं, दाखवा की, मी काय नको म्हणते?

मामा आले, फिरले, आणि काही विचारलंच नाही. पिठाची खळ करून वर्तमानपत्राच्या तीन पट्ट्या चिरेवर आडव्या चिकटवल्या. पट्टी फाटली तर भिंत अजून हलतेय असं समजायचं. मार्चपासून मी शाळेत शिकवून परतताना, आणि सुट्टी लागल्यावर मुद्दाम, वाकडी वाट करून पट्ट्या बघून यायचे. नर्मदाबाई न विचारता चहा ठेवायच्या.

मे संपायच्या आत तिन्ही पट्ट्या मधोमध फाटल्या. मला रडूच आलं, आणि मग राग आला. चिरा काय कुणाच्या घरात नसतात, असं मी पट्ट्या बघायला आलेल्या मामांना तिथंच, नर्मदाबाईंसमोर सुनावलं. वर म्हटलं, "ज्यानं हा कोपरा असा ठेवला ना, त्या मेल्या गवंड्याला माझ्यापुढं आणा."

"पुढंच हाय तुज्या," मामा म्हणाले. "हे घर म्या बांधलंय."

मग खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. तीन कोपऱ्यांना मुरूम लागला होता. चौथा सात फूट खोदला तरी काळीच माती. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. त्या वर्षी वालूरच्या जयंतीचे अध्यक्ष मामाच, पांढरा सफारी शिवून तयार. तिघांना लागलाय तर चौथ्यालाही हातभर खाली असेलच, असं मनाशी ठरवून त्यांनी दगड भरले आणि संध्याकाळची बस धरली. परत आले तोवर बाकीच्यांनी भिंत वर चढवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी घर ओळखलं होतं. पट्ट्या टिकल्या तर बोलायची वेळच येणार नाही, अशी आशा होती, हेही त्यांनी लपवलं नाही.

"घेऊ नगं हे घर, बबे," ते म्हणाले.

जिथं तिथं ज्यांचा शब्द चालतो, त्या माझ्या मामांनी परक्या बाईसमोर स्वतःची चूक सांगितली होती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मामांची एवढी माया मला कधीच आली नव्हती. मी विचारलं, तो कोपरा आता मुरमापर्यंत नेता येईल का? येईल, म्हणाले, टेकू देऊन, भिंतीखालून थोडं थोडं खोदत, खालून दगड-सिमेंट भरत यायचं. पण दुसरा गवंडी बघ, म्हणाले.

"दुसरा कशाला?" मी म्हटलं. "दुसऱ्यानं मला सांगितलंच नसतं."

मामांनी एकच अट घातली. आधी खोदायचं, मुरूम लागला तर घर घ्यायचं, नाहीतर नाही. नर्मदाबाईंनी मान डोलावली आणि कोपऱ्यातली मांडणी स्वतःच रिकामी करायला घेतली. पाऊस दारात होता. चौथ्या दिवशी नऊ फुटांवर पहारीचा आवाज बदलला, तसे मामा, कुणाचं न ऐकता, शिडीवरून स्वतः खड्ड्यात उतरले. मी, धम्मपाल आणि नर्मदाबाई वर वाकून उभे. बराच वेळ ते हातानं माती चाचपत राहिले.

"बबे," खालून आवाज आला, "घे आता."