डागमामाने पुसलेली भिंत

छापखान्यात त्याला सगळे डागमामा म्हणत. छापलेल्या कागदावर मोहरीएवढा ठिपका दिसला तरी तो मशीन थांबवायचा. घरी जेवायला बसण्याआधी ताट उजेडाकडे तिरपं धरायचा. "लग्नात यांनी आधी पत्रिकेची छपाई निरखली, मग मला," असं बायको सांगे. स्वस्थ बसणं त्याला माहीत नव्हतं. खुर्चीत असला तरी त्याचा अंगठा काही ना काही खरवडत राही.

मुलीच्या पहिल्या गाण्याचं पोस्टर त्याच्याच मशीनवर आलं. पांढऱ्या भिंतीपुढे ती पाठमोरी, लहानशी. फोन चित्रावर धरला की ती वळेल आणि गाईल, असं काहीतरी तिने घरी सांगितलं होतं. त्याने अर्धंच ऐकलं होतं. पहिले कागद बाहेर आले तर भिंतभर ठिपके. त्याचं डोकं फिरलं. पोटच्या पोरीचं काम, आणि हे असं? ते कागद त्याने रद्दीत फेकले, मशीन बंद केलं आणि पुसायची पेन्सिल घेऊन छपाईच्या प्लेटवरचा एकेक ठिपका उडवला. भिंत लख्ख झाली. मग सगळी पोस्टरं छापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पोस्टरं न्यायला आली. गाणं संध्याकाळी बाहेर पडणार होतं, त्याआधी दुकानांत पोस्टरं लागायला हवी होती. तिने फोन धरला. जवळ नेला, लांब नेला. चित्रातली ती पाठमोरीच.

"बाबा, भिंतीवरचे ठिपके कुठे गेले?"

"काढले. बघ, कशी दुधासारखी केलीय!"

"अहो, ते मुद्दाम टाकले होते! ठिपक्यांवरूनच फोन चित्र ओळखतो. कोऱ्या भिंतीत काय ओळखणार तो?"

"तू आहेस की तिथे."

"माझी पाठ आहे तिथे."

मालक दारात उभा होता. "करायला गेले गणपती, झाला मारुती," तो म्हणाला. "नवीन प्लेट आज काही मिळत नाही, डागमामा."

डागमामा दारापर्यंत गेला, परत आला. मशीनला हात लावला, काढला. पोरीकडे बघवेना. बघायचं टाळता टाळता नजर कोपऱ्यातल्या रद्दीवर गेली, आणि तो गुडघ्यांवर बसून ढीग उपसू लागला.

फेकलेले कागद निघाले. शाई कुठे फिकी, कुठे फासलेली, चित्र तिरकं. तिने एकावर फोन धरला. त्या मळक्या कागदावर ती वळली आणि गाऊ लागली.

"मोठ्या दुकानांपुरते होतील," मुलगी घाईने कागद गोळा करत म्हणाली.

"असे घाण लावणार?"

"असेच लावणार."

जाताना तिने एक कागद त्याच्यासाठी ठेवला, त्याच्या फोनवर सगळं लावून दिलं. "हात हलवू नका फक्त."

ती गेल्यावर त्याने फोन धरला. ती वळली. पहिली ओळ संपते न संपते तोच तिच्या खांद्याशी एक टपोरा ठिपका दिसला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा आपसूक तिकडे गेला. हात आडवा येताच ती नाहीशी झाली. त्याने हात मागे घेतला. ती पुन्हा वळली, पहिल्या ओळीपासून गाऊ लागली. त्याने अंगठा मुठीत दाबून धरला.