परत टाक

इसिकेली मास्तर शाळेत जाताना कवड्यांची पिशवी न्यायचा. वर्गात चटईवर मूठभर कवड्या टाकायचा आणि विचारायचा, काय दिसतं? कुणाला होडी दिसे, कुणाला कासव. कासव एकदा दिसलं की मुलांना दुसरं काही दिसेनासं व्हायचं. मग मास्तर म्हणायचा, "परत टाक." परत टाकल्यावर कासव कधी येत नसे.

मी तोमासी, गावाच्या सभागृहात यंगोनाचं पेय कालवतो. मुळांची पूड पाण्यात पिळत बसलं की गावाचं सगळं बोलणं हातांवरून वाहत जातं. ही हकीकतही तशीच वाहत आली, आणि तिच्यात माझा दोष आहे.

त्या वर्षी आमच्या बेटावर नीरफणस कोवळेच गळत होते. मास्तरने आठवीच्या मुलांना सांगितलं, एक अफवा स्वतः शिजवा. एक खरी गोष्ट घ्या, एक भीती घ्या आणि बोट दाखवायला कुणीतरी शोधा. त्यांतल्या आलुमिताने गळणारे फणस घेतले, झाडांसारखीच बायकांची पोटंही गळतील ही भीती घेतली, आणि डोंगरावरचा फोनचा टॉवर. मास्तरने दहापैकी नऊ दिले.

आलुमिताने ती अफवा मामेबहिणीला सांगितली. आमच्याकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांना थापा मारायच्याच, तो त्यांचा हक्क. ऐकणाऱ्याने तोंड गंभीर ठेवून थाप पुढे सरकवायची. मामेबहीण शेजारच्या बेटावरची. आठवड्याने थाप होडीतून परत आली तेव्हा तिच्यात एक परदेशी डॉक्टर होता आणि दोन मेलेल्या बायका. बाहेरून आली म्हणून आम्हाला खरी वाटली. मी स्वतः ती चार जणांना वाटीबरोबर दिली.

गावचे सरदार म्हणाले, शनिवारी टॉवर पाडायचा.

टॉवर नव्हता तेव्हा माझी बहीण बाळंतपणात अडली होती. डॉक्टरला निरोप द्यायला होडी नऊ तास चालली. बहीण राहिली नाही. हे माहीत असून मी कुऱ्हाडीला धार लावली. माणसाच्या आत दोन्ही मावतील एवढी जागा असते.

शुक्रवारी दुपारी मास्तर यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन सभागृहात आला आणि ती सरदारांपुढे ठेवून खाली बघत बसला. आमच्याकडे माफी अशीच मागतात. मागे आलुमिता, हातात वही.

"सरदार, ही थाप माझ्या वर्गात शिजली."

"म्हणजे बाहेरगावचा मास्तर आमच्या पोरांना खोटं बोलायला शिकवतो," म्हातारा सेमी म्हणाला.

"खोटं ओळखायला शिकवतो, काका. भांड्यावर झाकण ठेवायला विसरलो."

आलुमिताने वहीतलं वाचून दाखवलं. "डॉक्टर माझा नाही," ती म्हणाली. "तो होडीत चढला असेल."

कुणीतरी हसलं. सरदार हसले नाहीत. मास्तरने पिशवी पुढे केली, त्यांनी कवड्या टाकल्या आणि बराच वेळ पाहिल्या.

"कासव."

सरदारांना कुणी पुन्हा करा म्हणत नाही. माझे हात वाडग्यात थांबले.

आलुमिताने हात ओंजळीसारखे करून अदबीने टाळी वाजवली. "परत टाका, आजोबा."

सेमीने श्वास आत ओढला. सरदारांनी कवड्या गोळा केल्या, टाकल्या. नुसत्या कवड्या पडल्या.

"मग फणस का गळतात?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाला. त्या सभागृहात शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

"डोंगरापलीकडच्या खाडीत फोन लागतच नाही, आजोबा," आलुमिता म्हणाली. "तिथली झाडं बघून येऊ?"

शनिवारी सकाळी सरदार, मास्तर, आलुमिता आणि मी, आम्ही चौघं डोंगर ओलांडून खाडीत गेलो. झाडांखाली हिरवी, मुठीएवढी फळं विखुरली होती. सरदारांनी एक उचललं, हुंगलं, माझ्या हातात दिलं आणि परत वळले.

परत चढताना वर खिंडीत माझा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती.

"पाडला का रे?"

मी सरदारांकडे पाहिलं.

"सांग, कुऱ्हाड घरी ठेवून आलोय," ते म्हणाले.

मास्तर आमच्याबरोबर नव्हता. मी वळून पाहिलं. तो खाली खाडीतच होता, गुडघे टेकून, एकेक फळ फोडून आत बघत.