मखमलीखालचं बक्कल

नव्वदच्या दशकात दाजींनी नवी गाडी घेतली आणि लगेच सीटवर लाल मखमल चढवली, कडेला सोनेरी झालर. शिवणाऱ्याने सीटबेल्टच्या बकलांसाठी फट ठेवू का, असं विचारलं. दाजी म्हणाले, "झाकून टाक रं. बांधून घ्यायला आमी काय बैल हाय?"

पुढे मलकापूरजवळ उसाची ट्रॉली आडवी आली. दाजींच्या हातात स्टिअरिंग होतं, त्यांचं मोडलेल्या मनगटावर निभावलं. शेजारी बसलेली माझी थोरली बहीण डॅशबोर्डवर तोंडावर आदळली. पुढचे दात गेले, ओठाला टाके पडले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी सांगायचे, "बायकांना गाडीत बसायचं कळत न्हाई. धरून बसाय नको?" आक्का तोंडावर पदर ओढून घ्यायची. ते वाक्य तिच्यादेखत त्यांना परत करायचं, हे मी तिथेच ठरवलं.

दाजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिला सांगलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला मी साताऱ्याहून आले. पिशवीत एक्स-रे, पाणी आणि कात्री. गाडी दुरुस्त होऊन आली होती, चालवणार मी. आधी माझ्या सीटची मखमल कापली, बक्कल वर काढलं, पट्टा कमरेच्या हाडावर आणि खांद्यावरून नीट बसवला.

"मेव्हणीबाई, इमानात बसलाय काय?" दाजी शेजारी बसत हसले.

आक्काला मागे माझ्या सीटच्या पाठीमागे बसवलं. "सीट घट्ट धर, सोडू नको," एवढंच सांगितलं.

रिकामा रस्ता आला. आरशात पाहिलं, मागे कोणी नव्हतं. वेग अगदी कमी केला आणि ब्रेक दाबला.

पट्टा तिथल्या तिथे अडकला. झटका माझ्या छातीच्या आणि कमरेच्या हाडांनी वाटून घेतला. मी होते तिथेच राहिले. दाजींचं कपाळ मात्र टणकन डॅशबोर्डवर बसलं.

"धरून बसाय नको, दाजी?"

त्यांनी कपाळ चोळलं. टेंगूळ येत होतं. मला बरं वाटलं, आजही वाटतं.

मग म्हणाले, "माझं बक्कल कुठं हाय?"

"मखमलीखाली." मी कात्री पुढे केली. डाव्या हाताला कात्री जमत नव्हती. मी इंजिन बंद करून समोर बघत बसले.

मागून पदर बाजूला करून आक्का म्हणाली, "आवं, बेतानं कापा. झालर लय म्हागाची हाय."