आत्याचा मिठाचा डबा

आत्याच्या हाताखाली सव्वीस वर्षांत एकदाच डाळ खारट झाली, आणि ती माझ्यामुळे झाली. मीठ तिनंच घातलं होतं, तरी माझ्यामुळे. कसं ते सांगते. पण आधी आत्या कोण ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही तिलाच नावं ठेवाल आणि ते मी ऐकून घेणार नाही.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण. ठेंगणी, रुंद, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. चालली की चपला फटक फटक वाजतात, त्यामुळे ती येतेय हे आधीच कळतं आणि सगळे कामाला लागतात. एकशे ऐंशी माणसं रोज तिच्या हातचं जेवायची. मी नववीत शाळा सोडली तेव्हा बाप म्हणाला, हिचं आता काय करायचं? आत्या म्हणाली, "माझ्याकडे दे." तेव्हापासून मी तिच्या घरी राहते आणि तिच्या कँटीनमध्ये भाज्या चिरते. सहा वर्षं झाली. मी एका जागी बसत नाही, चटकन पेटते, म्हणून मला सगळे फटाकी म्हणतात. आत्याला कुणी वाकडं बोललं तर मी हातातलं काम टाकून भांडायला जाते. सुरी तेवढी ठेवून जाते.

आमच्याकडे कांदा कुणीही चिरावा, डाळ भांडीवाल्या काकांनी धुवावी, पाव कुणीही कापावेत. पण मीठ आत्यानंच घालायचं. तिचा एक स्टीलचा डबा होता, एका बाजूला पोचा आलेला. तो शेगडीच्या वरच्या फळीवर असायचा. कुणी नुसता सरकवला तरी ती म्हणायची, "हात कापू का?"

तिची एक रीत होती. मीठ घालायच्या आधी ती पातेल्यातलं वाटीभर काढून बाजूला ठेवायची. अळणी वाटी. मीठ घातलं की आधी अळणी चाखायची, मग पातेल्यातलं. म्हणायची, "नुसतं मीठ घातलेलं चाखलंस तर मीठ कळतं. मिठानं डाळीचं काय केलं ते कळत नाही." आणि मीठ पडलं की पातेल्यावर झाकण उलटं ठेवायचं, मूठ आत. धूर खेचणाऱ्या पंख्याचा आवाज एवढा की मीठ घातलं का, नाही घातलं, हे ओरडून विचारायची सोयच नव्हती. झाकण उलटं म्हणजे मीठ पडलं. तिथं शिवी दिलेली चालायची, झाकण विसरलेलं चालायचं नाही.

मिठाबद्दल तिला काय काय माहीत होतं! कॉफी उकळून उकळून कडू झाली तर ती ओतून द्यायची नाही. दिसणारही नाही इतकं मीठ टाकायची, की कडूपणा गुमान खाली बसायचा. कलिंगडाच्या फोडीवर मीठ भुरभुरवलं की फोड जास्त गोड. मी म्हटलं, "आत्या, ही तर लबाडी झाली."

"लबाडी कसली? मीठ चहाडखोर आहे गं. दुसऱ्याच्या घरात काय लपलंय ते बाहेर येऊन सांगतं."

मला ते ऐकायला आवडायचं, पण अळणी वाटी कधी घशाखाली गेली नाही. तोंडात घ्यायची आणि सिंकमध्ये थुंकायची. "पुठ्ठा लागतो. पलीकडच्या मशीनवरून आणलास का?" आत्या हसायची. मला वाटायचं, हसतेय म्हणजे चालतंय.

मग तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी घरचं मीठ बंद केलं आणि सांगितलं, दिवसभर चाखत बसायचं हे कामही सोडा. आत्यानं मॅनेजरला सांगितलं, महिनाअखेरपर्यंतच येईन. मी रडले बिडले, पण एक सांगते, मनात कुठंतरी मी डब्याकडे बघत होते. आत्यानंतर डबा माझा. दुसरं कुणाचं नावच माझ्या डोक्यात नव्हतं. तो डबा ज्याच्या हातात, तो आत्याच्या जागी.

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये एक नवी मुलगी कामाला आली. काडीसारखी, जाड चष्म्याची. पातेल्यावर वाकली की चष्म्यावर वाफ बसायची आणि ती पुसत उभी राहायची. बोलणं मोजून मापून. मी पहिल्याच दिवशी तिचं नाव शहाणी ठेवलं, आणि काकांनी ते सगळ्या कँटीनभर केलं.

तिसऱ्या दिवशी आत्यानं बटाट्याच्या रश्शाची अळणी वाटी काढली आणि माझ्यासमोरून, अगदी माझ्या नाकासमोरून, शहाणीच्या हातात दिली. मी थुंकायला सिंक मोकळं करून दिलं. शहाणीनं वाटी तोंडाला लावली आणि पूर्ण प्याली.

"काय लागलं?" आत्यानं विचारलं.

"बटाटा गोड आहे. खाली जरा मातीसारखं लागतंय."

आत्यानं पातेल्यात मीठ घातलं, ढवळलं, पळी पुढं केली. "आता?"

"माती गेली. गोड वर आलं."

आत्याचा चेहरा असा फुलला! सहा वर्षांत माझ्याकडे बघून तो चेहरा एकदाच तसा झाला होता, मी दहा दिवसांच्या तापातून उठले तेव्हा. त्यासाठी मला मरायला टेकावं लागलं. हिला वाटीभर रस्सा पुरला.

मग रोजच ते सुरू झालं. डोकी जवळ, वाट्या दोन, मी तिकडे गाजरं सोलतेय. शहाणी आत्याला आधी "मावशी, तुम्ही" म्हणायची. आठ दिवसांत "मावशी, तू" झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाजरं इतकी सोलली की काका म्हणाले, "फटाके, गाजर संपलं, आता बोट सोलतेयस."

घरी मी आत्याला धरलं. ती अळणी बटाटा कुस्करून खात होती.

"ती तुझी कोण लागते?"

"कोण?"

"ती चष्मेवाली."

"कुणी नाही."

"मग वाटी तिला का?"

"ती पिते."

"मीपण पिईन."

"तू थुंकतेस. आणि तुझा हात रागावर चालतो. परवा मुकादमाशी भांडून आलीस आणि आपल्या काकडीवर मीठ किती ओतलंस? काकडी ताटात रडत बसली होती."

"म्हणजे डबा तिला देणार?"

आत्यानं बटाटा गिळला, पाणी प्याली. तिचं न बोलणं मला कळतं.

शेवटच्या आठवड्यातला बुधवार. आत्या आता मीठ कधी स्वतः घालायची, कधी शहाणीला घालू द्यायची. पहिली पंगत साडेबाराला बसायची. शहाणीनं डाळीत मीठ घातलं, चाखलं, झाकण उलटं ठेवलं आणि पाव आणायला कोठीत गेली. पातेल्याजवळ कुणी नव्हतं. मी गेले आणि झाकण सरळ केलं.

एवढंच केलं. मला वाटलं, आत्या येईल, नेहमीसारखी आधी चाखेल, तिला कळेल की मीठ पडलंय आणि झाकण सरळ आहे. मग शहाणीला सगळ्यांसमोर सणसणीत बोलणी बसतील. मला ती एक शिवी ऐकायची होती. डाळ नासवायची नव्हती.

पण आत्या आली, झाकण बघितलं, फळीवरचा डबा काढला आणि दोन मुठी मीठ घातलं. चाखलं नाही. ढवळलं, झाकण उलटं केलं आणि फटक फटक करत अंडी बघायला गेली. मी बटाटा हातात धरून तशीच उभी. डॉक्टरांच्या भीतीनं तिनं चार दिवसांपासून चाखणं बंद केलंय, नुसत्या वासावर आणि झाकणावर चालवतेय, हे मला माहीत नव्हतं. घरात एका छपराखाली राहून माहीत नव्हतं, कारण मी चार दिवस तिच्याशी धड बोललेच नव्हते. ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडले तर झाकण कुणी फिरवलं ते सांगावं लागलं असतं. तोंड मिटलं. आत्या परत येईल, एकदा तरी चाखेल, असं म्हणत राहिले, आणि तेवढ्यात भोंगा झाला.

चाळीस माणसं बसली. पहिला घास जाताच पुठ्ठा कापायच्या मशीनवरचा कटिंगवाला खोकायला लागला. "मावशी, आज समुद्र उकळलात का?" मागून कुणी म्हणालं, "आधी पाणी द्या, मग वाढा." ताटं सरकायला लागली. मॅनेजर हातातला चमचा घेऊन आत आला.

"मीठ कुणी घातलं?"

"मी," शहाणी म्हणाली. "पण झाकण मी..." आणि थांबली.

"मीही घातलं," आत्या म्हणाली. "झाकण सरळ होतं."

सगळे शहाणीकडे बघायला लागले. तिचे कान लाल झाले. जी शिवी मला ऐकायची होती ती आता येईल म्हणून मी वाट बघत होते. आत्या म्हणाली, "झाकणाचं सोडा. मी चाखलं नाही. चूक माझी."

मॅनेजर हसला. "वय झालं, मावशी. बरं झालं महिनाअखेर चाललात."

माझं डोकं फिरलं. वय झालं? ज्यानं सव्वीस वर्षं तिच्या हातचं खाऊन पोट सुटेपर्यंत चाटून पुसून ताट साफ केलं, तो म्हणतो वय झालं?

"झाकण मी फिरवलं!" मी ओरडले. "मुद्दाम फिरवलं. तिला काही बोलायचं नाही."

पंखा चालू होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आत्यानं माझ्याकडे बघितलं, अगदी थोडं, आणि पदर खोचला.

"भांडण मागून. मसूर धू."

काका म्हणाले, "बटाटे टाका, मीठ ओढतील."

"बटाटा मीठ ओढत नाही, काका. पाणी ओढतो आणि आपणच खारट होतो. नवी डाळ लावा, मीठ न घालता. दोन्ही एकत्र करू."

मी धुतली, शहाणीनं आच मोठी केली. वीस मिनिटांत मसूर शिजली. आत्या अळणी डाळ पळीपळीनं खारट पातेल्यात ओतत होती. मध्येच थांबली, दोन वाट्या भरल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. शहाणीसमोर नाही, माझ्यासमोर.

"चाख."

अळणी तोंडात घेतली. सिंक हाताशी होतं. गिळली. मग दुसरी. "अजून खारट आहे." तिनं आणखी ओतली. पाच वेळा असं झालं. दुसऱ्या पंगतीला डाळ दहा मिनिटं उशिरा गेली, पण ताट परत आलं नाही.

संध्याकाळी घरी आत्या म्हणाली, "तिला हाकललं असतं तर?"

"तेच हवं होतं."

"तिचा बाप आजारी, अकरा वर्षं अळणी खातो. घरात एकच चूल. सगळेच अळणी. त्या पोरीला चिमूटभर मीठही बँडबाजासारखं ऐकू येतं. तुला वाटलं, मी लाड करतेय."

 मला वाईट वाटलं का? वाटलं. जळणं थांबलं का? नाही. शेवटच्या दिवशी तिनं डबा शहाणीला दिला. मी समोर उभी राहून बघितलं, दुसरीकडे तोंड केलं नाही.

त्या दिवसापासून मी घरी मीठ सोडलं. शहाणीसारखं व्हायचं म्हणून नाही. आत्या एकटी बसून ते पुठ्ठ्याचं जेवण गिळते हे मला बघवत नव्हतं. पहिले दोन आठवडे नुसतं चावलं. तिसऱ्या आठवड्यात उकडलेलं अंडं खाताना थांबले. पिवळ्याला स्वतःची चव होती, लोण्यासारखी. आत्या ताटावरून माझ्याकडे बघत होती. 

परवा कँटीनमध्ये मी शहाणीची डाळ चाखली. "चिमूटभर कमी आहे."

"नाहीये."

"आहे. मसूर अजून तोंडात झोपलेलीच आहे."

"बरोबर आहे म्हटलं ना!"

ती एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. काम सुटल्यावर ती दोन डब्यांत डाळ घेऊन आमच्या घरी आली. एक तिच्या हिशेबाची, एक माझ्या चिमटीची. दोन्ही आत्यासमोर ठेवले. आत्यानं झाकणं उघडली, वास घेतला, परत लावली.

"मला बंदी आहे. फटाकी थुंकते का अजून?"

शहाणीनं चष्मा पुसला. "नाही थुंकत."

"मग तुमचं तुम्ही भांडा."

आणि हसली. आमच्या दोघींकडे बघून हसली, म्हणजे माझ्या वाट्याला निम्मंच आलं. शहाणी उठली, चपला घातल्या आणि माझ्या आत्याला म्हणाली, "येते गं."

गं! मी दार जरा जोरातच लावलं.